एक चूल, दोन पंगती

अन्न एक, देव एक आणि द्रव्य एक, असे जेथे असेल ते एकत्र कुटुंब, ही खूण ब्रिटिश अमदानीपासून आमची न्यायालये धरून चालत आली आहेत. हिंदू कुटुंब एकत्र आहे असे आधी गृहीत धरावयाचे, आणि ते विभक्त झाले असे जो म्हणेल त्याने ते शाबीत करावयाचे, हा कायद्याचा दंडक. दिनशा मुल्ला यांचा हिंदू कायद्यावरील ग्रंथ १९१२ साली प्रथम निघाला. तेव्हापासून वकिलांच्या किती पिढ्यांनी हे त्रिसूत्र तोंडपाठ केले असेल त्याची गणती नाही. परंतु गंमत अशी की, या तिहींपैकी द्रव्यावर जितकी शाई खर्ची पडली तिचा शतांशही अन्नाच्या वाट्यास आला नाही. चूल एक होती काय, एवढेच कोर्टात विचारले जाते. त्या चुलीवरचे अन्न कोणी, केव्हा आणि कोणाच्या मागून खाल्ले, हा प्रश्न कोणी साक्षीदारास घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो आज आम्ही घालणार आहोत.

कायद्याच्या दृष्टीने एकत्रपणा ही किती पातळ वस्तू आहे ते आधी पाहावे. गिरजाबाई विरुद्ध सदाशिव धुंडिराज या दाव्यात १९१६ साली प्रिव्ही कौन्सिलने ठरविले की, सहभागीदाराने वेगळे होण्याचा इरादा निःसंदिग्धपणे जाहीर केला म्हणजे तो विभक्त झाला. प्रत्यक्ष वाटणी मागाहून होवो. म्हणजे सकाळी भावाला नोटीस दिली आणि दुपारी त्याच्याच शेजारच्या पाटावर बसून वरणभात खाल्ला, तरी कायद्याने दोघे वेगळे. उलटपक्षी दोन भावांनी दोन चुली मांडल्या, तर तेवढ्यानेच ते विभक्त ठरत नाहीत. आयकराच्या कागदावर तर 'हिंदू अविभक्त कुटुंब' नावाची एक व्यक्तीच नांदते. तिचा एक सभासद ठाण्यास, दुसरा बंगळुरास आणि तिघांचे तोंड एकमेकांस लग्नकार्यापलीकडे दिसत नाही, तरी कर वाचविण्यापुरते ते कुटुंब अखंड सौभाग्यवती असते. सबब कायद्याचे एकत्र कुटुंब आणि माणसांचे एकत्र कुटुंब या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे. आम्हास येथे दुसरीविषयी बोलावयाचे आहे.

एकत्र कुटुंबाची निंदा करणे हे आमच्याकडे बराच काळ सुधारकीचे लक्षण समजले जात होते, आणि त्याची स्तुती करणे हे देशाभिमानाचे. आम्हास दोन्ही पक्ष अर्धवट वाटतात. ज्या देशात निवृत्तिवेतन मूठभर सरकारी नोकरांस, विमा त्याहून थोड्यांस आणि दवाखाना फार तर तालुक्याच्या गावी, तेथे विधवा आत्या, पोरका पुतण्या, अंगाने अधू असलेला चुलता यांस दोन वेळ अन्न कोणी घातले? सरकारने नव्हे; घराने घातले. पुण्यास शिकावयास आलेला गरिबाचा मुलगा वार लावून जेवला, तोही कोणा ना कोणाच्या घरीच. मुंबईच्या गिरणगावात एकेका खोलीत दहादहा गाववाले पाळीपाळीने निजले, खाणावळीत जेवले, आणि महिन्याच्या महिन्यास गावी मनीऑर्डर धाडली; तिच्यावर सासू, सून, धाकटा दीर, लग्नाची नणंद असे सारे घर चालले. नवरा चिंचपोकळीस आणि बायको देवगड तालुक्यात, तरी ते कुटुंब एकत्रच होते. आणि आमच्या मते एका वाड्यात राहून एकमेकांच्या खिडक्यांस पडदे लावणाऱ्या कित्येक घराण्यांहून अधिक एकत्र होते. त्या गिरणीकामगारांस जेऊ घालणाऱ्या बायकांचीही स्वतःची घरे होती, आणि त्या परक्यांच्या पोळ्या लाटून ती चालवीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांची संघटना बांधली, तेव्हा कोठे त्यांच्या कामास काम हे नाव मिळाले. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा गावाचा अभ्यास करून १९६४ साली हेच दाखविले की, छप्पर वेगळे झाले म्हणून कुटुंब वेगळे होतेच असे नाही. देणेघेणे, जबाबदारी आणि जाणेयेणे यांनी ते बांधलेले राहते. आज पुण्यातील आई आणि अमेरिकेतील मुलगा पडद्यावर एकमेकांचे तोंड पाहून रोज बोलतात. त्यास नावे ठेवण्याचे आम्हास कारण दिसत नाही.

परंतु स्तुतिपाठकांचेही थोडे समाधान केले पाहिजे. 'पूर्वी आमच्या घरी एकेका वेळेस पन्नास पाने उठत' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पन्नास पाने उठत ती वतनदाराच्या, सावकाराच्या आणि वाडेवाल्यांच्या घरी. ज्याचे घर एका खणाचे त्याच्याकडे पन्नास माणसे मावणार कोठे आणि खाणार काय? ए. एम. शहा यांनी खेडा जिल्ह्यातील एका गावाच्या १८२५ सालच्या खानेसुमारीचे कागद तपासून १९७३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यावरून त्या काळीही लहान घरांचेच प्रमाण अधिक होते असे दिसते. शिवाय १९११ ते १९२१ या दशकात, प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा यांच्या तडाख्यात, या देशातील सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्याही आत होते. आजोबा, मुलगे, सुना आणि मिसरूड फुटलेली नातवंडे ही सर्व एकाच वेळी हयात असण्याचे भाग्य किती घरांस लाभत असेल, याचा हिशेब कोणीही करावा. म्हणजे ज्याच्या मोडण्याबद्दल आपण अश्रू ढाळतो ते पुष्कळ अंशी थोड्यांचे घर होते. आणि ज्या घरी खरोखरीच पन्नास पाने उठत, तेथे ती पन्नासही एकदम मांडली जात नसत, हे त्या वाक्यात कोणी सांगत नाही.

देवाचे त्या मानाने बरे चालले आहे. कोकणात भाऊ वेगळे झाले, जमिनीस बांध पडले, घराच्या मध्ये भिंत आली, तरी गणपती मूळ घरी एकच येतो अशी घराणी पुष्कळ आहेत. कोर्टही घरचा देव तोडून वाटीत नाही. फार तर पूजेच्या पाळ्या लावून देते. १९९८ साली कोकण रेल्वे सबंध मार्गाने चालू झाली, तेव्हापासून भाद्रपदातील तिच्या गाड्यांत पाय ठेवावयास जागा नसते. एकमेकांवर दावे लावून बसलेले चुलतभाऊ आरतीस एकाच ओळीत उभे राहून झांजा वाजवितात, हे आम्ही पाहिले आहे. त्यात ढोंग आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्या दिवसांत पंचवीस माणसांचे रांधणे कोणाकडे असते, हे पाहावयाचे तर माजघर ओलांडून आत जावे लागते.

आत काय दिसते? पहिली पंगत पुरुषांची, पाहुण्यांची आणि मुलांची. तिला भात वाफेचा, आमटी दाट, भाकरी तव्यावरून थेट पानात, आणि वाढणारीच्या तोंडी 'आणखी घ्या' हा आग्रह. मग उष्टी काढून, शेण फिरवून दुसरी पंगत बसावयाची ती बायकांची. तिला भात निवालेला, आमटीत पाणी घालून ती पुरवलेली, भाजी संपली असल्यास लोणच्याचा खार किंवा तेल-तिखट. या पंगतीत आग्रह कोणी कोणास करीत नाही, कारण भांड्याचा तळ सर्वांनाच दिसत असतो. आणि या पंगतीतही पुन्हा पायऱ्या आहेत: आधी सासूबाई, मग थोरल्या जाऊबाई, सर्वांत शेवटी धाकटी सून. कित्येक घरांत तर नवऱ्याच्याच उष्ट्या ताटात बायकोने जेवावे हा पतिव्रताधर्म समजला जाई, आणि नवरा दयाळू असल्यास ताटात मुद्दाम काही टाकून उठे. एका मनुष्याच्या उदरभरणास दुसऱ्याच्या टाकण्यावर अवलंबून ठेवावयाचे, आणि त्या व्यवस्थेस प्रेम हे नाव द्यावयाचे, हा प्रकार इतका नित्याचा होता की त्यात काही सांगण्यासारखे आहे असे पुरुषांस वाटत नसे.

हा पुरुषांनी बायकांवर चालविलेला उघड जुलूम आहे, एवढे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते पूर्ण खरे नाही. स्वयंपाकघरातील कायदा राखण्याचे काम बहुधा बायकांकडेच सोपविलेले असते. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध केल्या, त्यांत न्यायमूर्तींसारख्या पुरुषाच्या घरी राहूनही लिहिण्यावाचण्यापायी घरातल्याच वडीलधाऱ्या बायकांचा जाच त्यांस कसा सोसावा लागला, ते वाचावयास मिळते. जिने तीस वर्षे शेवटच्या पानावर बसून काढली, तिला पहिल्या पानाचा मान मिळतो तो सून आल्यावर. तो मान तिने सहजासहजी कसा सोडावा? शिक्षा भोगून झालेल्या कैद्यास वॉर्डर नेमावे, तशी ही तजवीज आहे, आणि ती कोणा एकाच्या दुष्टपणावाचून आपोआप चालते.

'अहो, हे सर्व जुने झाले. आता कोण पाटावर बसतो?' असे वाचक म्हणतील. पाट गेले हे खरे. चूल गेली, स्टोव्ह गेला, गॅस आला. पंगतीच्या जागी टेबल आले. परंतु चार खुर्च्यांच्या त्या टेबलाशी रात्री नऊ वाजता किती माणसे बसलेली असतात, ते ज्याने त्याने आपल्या घरी मोजावे. तीन बसलेली असतात आणि चौथी तव्यापाशी उभी असते, कारण पोळी गरमच हवी. ती चौथी दिवसभर बँकेत किंवा शाळेत काम करून आलेली असली, तरी तव्याचा नियम बदलत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने वेळेच्या वापराची पाहणी २०१९ साली केली. तीत सहा वर्षांवरील बायकांपैकी शेकडा ८१ जणींनी घरकामास हात लावल्याचे दिसले. पुरुषांत हे प्रमाण शेकडा २६. ज्यांनी हात लावला त्यांच्यापुरते पाहिले तर बायकांचे दिवसास २९९ मिनिटे गेले, पुरुषांचे ९७. पुढे २०२४ साली तीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. वाचकांनी ही वजाबाकी अवश्य करावी. बायकांची दहा मिनिटे वाचली. पण ती पुरुषांनी उचललेली नाहीत, कारण त्यांचीही नऊ मिनिटे वाचलेलीच आहेत. जे ओझे हलके झाले ते यंत्राने किंवा मोलकरणीने हलके केले असेल. नवऱ्याने केल्याची खूण या आकड्यांत नाही.

याचा शरीरावर काही परिणाम होतो की नाही? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या बायकांपैकी शेकडा ५७ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिनची उणीव, म्हणजे पंडुरोग, आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत शेकडा २५. हा सर्व फरक दुसऱ्या पंगतीचाच असे आम्ही म्हणत नाही. मासिक पाळी, बाळंतपणे, आतड्यांतील कृमी, धान्यातच असलेला निकसपणा, ही कारणे डॉक्टर सांगतात आणि ती खरी आहेत. परंतु ज्या शरीरास लोहाची गरज अधिक, त्याच शरीरास पातेल्याच्या तळचे वाढावयाचे, ही रीत त्या कारणांस मदत करते की विरोध, एवढे समजण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की, ती आपखुशीने मागून जेवते. तिला कोणी अडविले आहे? वकिली धंद्यातील मनुष्यास हे उत्तर फार ओळखीचे वाटते. कायद्यात एखाद्याने हक्क सोडला असे म्हणावयाचे, तर तो हक्क आपला आहे हे त्यास आधी ठाऊक असावे लागते. जे ठाऊकच नाही ते सोडता येत नाही. आठ वर्षांच्या मुलीस 'आधी दादाचं होऊ दे' असे रोज ऐकवावयाचे, आणि ती अठ्ठावीस वर्षांची झाली म्हणजे ती खुषीने थांबते असे म्हणावयाचे, हा पुरावा कोणत्या न्यायाधीशाने घ्यावा? विशेष हे की, तीच शेतकरीण दुपारी बांधावर नवऱ्याशेजारी बसून एकाच फडक्यातील भाकरी-कांदा खाते. तेथे धर्म बुडत नाही. संध्याकाळी उंबऱ्याच्या आत आल्याबरोबर तो कोठून येतो, ते आम्हास कळत नाही.

या महाराष्ट्रात पंगतीचा प्रश्न हा राष्ट्राचा प्रश्न आहे हे एकेकाळी लोकांनी ओळखले होते. रत्नागिरीस १९३० च्या सुमारास जातीजातींची सहभोजने झाली, तेव्हा गावेच्या गावे हादरली. अनंत हरि गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण घालून सोवळ्याची खोड मोडली. कोण कोणाशेजारी बसून जेवतो यावर समाज एक आहे की नाही ते ठरते, हे त्या पिढीस पक्के समजले होते. पण त्या सहभोजनांस टाळ्या वाजवून घरी परतलेल्या पुष्कळांचे पान घरी पुन्हा बायकोने वाढले, आणि ती मागून जेवली. घरातले सहभोजन राहूनच गेले. त्यास ना वर्गणी लागते, ना मंडप: पोळ्या आधी करून डब्यात ठेवाव्यात, पातेली मध्ये मांडावीत, सगळ्यांनी एकदम बसावे आणि जो आधी उठेल त्याने वाढावे. सकाळी शाळा, कचेरी आणि डबे यांच्या धांदलीत हे साधणार नाही हे आम्हास कबूल आहे; रात्रीचे एक जेवण तरी साधेल. पोळी थोडी निवेल. स्वराज्यासाठी पुष्कळांनी तुरुंगातील भाकरी खाल्ली. तिच्याहून ही पोळी खचित बरी असेल.

आता द्रव्याकडे येऊ. कारण जी मुलगी दादाच्या मागून जेवावयास शिकते, तीच चाळिसाव्या वर्षी दुय्यम निबंधकाच्या कचेरीच्या पायरीवर उभी राहते.

घरातील कर्त्या पुरुषाचे गाऱ्हाणे कायदा किती तत्परतेने ऐकतो ते पाहा. कुटुंबाच्या पैशाने शिकून आय.सी.एस. झालेल्या मनुष्याची मिळकत ही कुटुंबाची, असा निकाल गोकळचंद विरुद्ध हुकुमचंद या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२१ साली दिला. शिकलेल्या मुलग्यांत खळबळ उडाली. बॅ. मुकुंदराव जयकर यांनी विधेयक आणले आणि १९३० साली हिंदू विद्याधन कायदा होऊन शिकलेल्याची कमाई त्याची स्वतःची ठरली. नऊ वर्षांत काम झाले. तो कायदा योग्यच होता. परंतु त्याच घरातील बायकांची वाट किती लांबली? डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ साली विधवेस नवऱ्याचा हिस्सा मिळाला, तोही हयातीपुरता. मुलीस त्यात काही नव्हते. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलगी वारस झाली, पण जन्मतः सहभागीदार नव्हे. आणि त्याच्या २३ व्या कलमाने राहत्या घराची वाटणी मागण्यास तिला मनाई केली, भाऊ आपसांत वाटून घेईपर्यंत. ती कुमारिका, विधवा अथवा टाकलेली असेल तर तेथे राहण्यापुरता तिचा हक्क. नांदत्या मुलीस ज्या घरात ती जन्मली त्या घराचा कोनाडाही मागता येऊ नये, असे एकत्र कुटुंबाचे प्रेम त्या कलमात लिहिलेले होते! महाराष्ट्राने १९९४ साली मुलीस सहभागीदार केले, परंतु आधी लग्न झालेल्यांस वगळून. देशभर हा भेद गेला तो २००५ च्या दुरुस्तीने, आणि तेव्हाच ते २३ वे कलमही गेले. त्यानंतरही 'बाप त्या तारखेस हयात होता काय' या मुद्द्यावर पंधरा वर्षे निकाल इकडेतिकडे होत राहिले. शेवटी विनीता शर्मा यांच्या दाव्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुलीचा हक्क जन्माचा आहे, बापाच्या हयातीवर तो टांगलेला नाही. मुलग्यास नऊ वर्षे, आणि मुलीस १९३७ पासून मोजले तर अडुसष्ट.

एवढे होऊन आज काय घडते? बाप वारतो. तलाठ्याकडे वारसनोंद होते. कधी बहिणींची नावे सांगितलीच जात नाहीत. कधी ती सात-बारावर चढतात आणि मग भाऊ भाऊबीजेस साडी घेऊन येतो. 'ताई, एक सही हवी होती. बँकेच्या कर्जाला अडतंय. तुला काय कमी आहे?' ताई येते, अंगठा किंवा सही करते. त्या कागदास हक्कसोडपत्र म्हणतात. कित्येकींस तो कागद कशाचा हेही सांगितलेले नसते. आणि कित्येकींस ते चांगले ठाऊक असते, तरी त्या सही करतात. का करतात? लोभ नाही म्हणून, असे भाऊ सांगतो. आम्हास जे दिसते ते असे की, सासरी काही वाकडे झाले तर परतावयास एक दार असावे म्हणून करतात. म्हणजे ज्या घरात कायद्याने तिची भिंत आहे, त्या घरात पाहुणी म्हणून येण्याची परवानगी ती आपली भिंत देऊन विकत घेते.

भावांच्या बाजूने सांगण्यासारखे काही नाही असे नव्हे. 'तिच्या लग्नात हुंडा दिला, तोच तिचा हिस्सा' हे मात्र सांगण्यासारखे नव्हे. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे हाच गुन्हा आहे. आपला गुन्हा आपल्याच बचावात पुढे करणारा पक्षकार विरळा. 'जमिनीचे तुकडे होतील' या म्हणण्यात तथ्य आहे. त्यासाठी १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदाही आहे. पण चार भावांत जमीन वाटताना ही चिंता कोणास पडल्याचे दिसत नाही, ती पाचव्या वाटेकरणीस पाहूनच जागी होते. तुकडा करावयाचा नसेल तर बहिणीस तिच्या हिश्शाचे पैसे द्यावेत, किंवा खंड द्यावा. वारसाने आपला हिस्सा विकावयास काढला तर तो इतर वारसांनी आधी घ्यावा, अशी तरतूद १९५६ च्या कायद्याच्या २२ व्या कलमात आहे. राहिला तिसरा मुद्दा, आणि तोच खरा वजनदार आहे: म्हाताऱ्या आईबापांचे दुखणेबाणे एका भावाने आणि त्याच्या बायकोने बारा वर्षे काढले, आणि वाटणीस मात्र सर्व सारखे. अशा भावास बहिणीने समजून-उमजून आपला हिस्सा दिला, तर ते देणे थोरपणाचे आहे. परंतु तेथेही ज्या भावजयीने ती बेडपॅन धुतली तिचे नाव उताऱ्यावर कोठे आहे, हे विचारावेसे वाटते. आईबापांस पोसण्याची जबाबदारी २००७ च्या कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांवरही सारखीच टाकली आहे. तेव्हा कर्तव्याच्या यादीत जिचे नाव आहे तिचे हक्काच्या यादीतून गाळण्यास आधार उरत नाही.

हा दोष एकट्या हिंदूंचा नव्हे. मुसलमानांच्या शास्त्रात मुलीस मुलाच्या निम्मा हिस्सा पूर्वीपासून आहे, तथापि तो कागदावर ठेवून भावांच्या पदरात टाकण्याची चाल तेथेही आढळते. गोमंतकात पोर्तुगीज दिवाणी संहितेमुळे, उलट करार नसेल तर, लग्नाबरोबर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते आणि बायकोच्या संमतीवाचून नवऱ्यास घर विकता येत नाही. त्यामुळे तेथील संसार मोडल्याचे कोणी दाखविलेले नाही. आमच्या घाटावरही एकदा असे घडले होते: शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करून दिली. कायद्याची सक्ती नसता पुरुषांनी हे केले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. ते सर्वत्र पसरले नाही, हेही सांगितले पाहिजे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचे नाव बापाच्या नावाआधी आणले आहे. नावात आई आली. उताऱ्यात येणे बाकी आहे.

ज्या बहिणींवर असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी चार शब्द. सात-बारावर नाव नसले म्हणून हक्क बुडत नाही. फेरफाराची नोंद ही मालकीचा दाखला नव्हे. स्थावरातील हिस्सा सोडण्याचा कागद नोंदविल्यावाचून पुरा होत नाही. कोऱ्या अथवा साध्या कागदावर सही मागितल्यास ती देऊ नये. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी सहसा उकरता येत नाही. तोंडी वाटणीची सबब मात्र कोर्ट सहज मानीत नाही. आणि सही करावयाचीच असेल तर हिश्शाचे क्षेत्र व बाजारभाव आधी विचारून घ्यावा.

सरकारास आमची सूचना एवढीच आहे. पडद्यातील स्त्रीकडून दस्त लिहून घेतला असेल, तर तिला तो समजला होता आणि तिला स्वतंत्र सल्ला मिळाला होता हे ज्यास फायदा झाला त्याने सिद्ध करावे, असा नियम प्रिव्ही कौन्सिलच्या काळापासून आमच्या न्यायालयांत चालत आला आहे. आजची बहीण पडद्यात नाही. ती पदवीधर असेल, बसने एकटी येत असेल. पण भावाच्या दारात ती तितकीच मुकी असते. म्हणून हक्कसोडपत्राच्या नोंदणीवेळी दुय्यम निबंधकाने भावांस बाहेर बसवावे, दस्त तिला एकटीस वाचून दाखवावा, सोडलेल्या हिश्शाची किंमत दस्तात लिहावी, आणि तिने विचार करण्यास महिनाभर मागितला तर तो द्यावा. यास नवा कायदा नको. नोंदणीच्या नियमांत भर घातली तर पुरे, असे आम्हास वाटते. सरकार हे करीपर्यंत निदान भावांनी एवढे करावे: दस्ताच्या आदल्या रात्री बहिणीस जेवावयास बोलवावे, सर्वांनी एका पंगतीस बसावे, तो कागद मोठ्याने वाचावा, आणि वाढावयास भावाने उठावे.